दारातूनच विचारलं, "बरंय ना?"

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गरोदर राहिलं की हल्ली तिला माझ्याकडे पाठवतात. मी काही जाणकार आहे म्हणून नाही. मरता मरता वाचलेल्या बाईला जरा मान मिळतो, एवढंच. येणारी मुलगी सोफ्याच्या कडेला बसते, पोटावर हात ठेवते आणि विचारते, "ताई, कुठला दवाखाना चांगला?" सोबत सासू असली तर ती आधीच सांगून टाकते, की अमक्या डॉक्टरीणबाई स्वभावाने फार चांगल्या, खोलीला एसी आहे, लिफ्ट आहे. मी ऐकून घेते. मग विचारते, "तिथे दुपारच्या पाळीला सिस्टर किती असतात?" दोघी एकमेकींकडे बघतात. हा प्रश्न त्यांना पडलेला नसतो. मलाही पडला नव्हता.

म्हणून हे लिहायला घेतलं. मी एसटीत वाहक आहे. लिहिण्याचा सराव नाही, बोलण्याचा आहे, तोही जरा चढ्या आवाजात, तेव्हा सांभाळून घ्या. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, चला, आपण तिथे जात नाही, सुटलो. तसे दवाखाने शहरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणची माणसं वाईट नाहीत.

०००

लग्नानंतर बरीच वर्षं मला मूल राहत नव्हतं. राहिलं तेव्हा घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागले. माझा नवरा प्रवीण वाळूजला कंपनीत आहे. तो शिफ्टवरून आला की आधी माझ्या पायांची सूज बघायचा, मग बूट काढायचा. दिवस भरत आले तशी माझी आई देवगाव रंगारीहून आली. येताना तिने एक मोठं गाठोडं आणलं. त्यात जुन्या सुती लुगड्यांची फडकी होती. धुऊन, उन्हात कडक वाळवून, पुन्हा चोळून मऊ केलेली, एकसारख्या घड्या घातलेली. माझ्या बाळंतपणासाठी ती किती महिने ते करत होती कोण जाणे.

"आई, तिथे पॅड देतात," मी म्हणाले.

"असू दे. ते टोचतं. बाळंतिनीला मऊ लागतं," ती म्हणाली. तिची स्वतःची चार बाळंतपणं घरीच झालेली, त्यामुळे या विषयात माझं काही चालणार नव्हतं.

आईबद्दल आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आईच्या पिढीत जावई म्हणजे मोठं प्रकरण. प्रवीण घरात असला की तिच्या डोक्यावरचा पदर हलत नाही. तो समोर असेल तर खुर्चीवर बसायची नाही, चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायची. त्याच्याशी थेट बोलणं टाळायची. "पाव्हण्यांना इचार, जेवायला वाढू का," असं मला सांगायची आणि तो तिथेच बसलेला असायचा. मी यावरून तिची भरपूर चेष्टा केली आहे. प्रवीण बिचारा संकोचायचा. आमच्या घरात हे सगळं हसण्यावारी चालायचं.

०००

रविवार होता. दुपारच्या जेवणाआधी मला मुलगी झाली. त्रास झाला, टाके पडले, पण सगळं सरळ झालं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "छान झालं हं," आणि दुसऱ्या दवाखान्यात त्यांचं सिझर ठरलेलं होतं, तिकडे गेल्या. मला वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट मिळाली. बाळ माझ्या कुशीत होतं आणि मी त्याची बोटं बघत होते. त्या वेळेइतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नसेन.

वॉर्डात एकच सिस्टर होती, कविता सिस्टर. खरं तर त्या पाळीला दोघी असायच्या. दुसरी सिस्टर नोकरी सोडून गेली होती आणि तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. आयामावशी रविवारी यायची नाही. म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या खाटा, सलाईन, बाळांना टोचायची इंजेक्शनं, फोन, चपला बाहेर काढा म्हणून नातेवाइकांवर ओरडणं, हे सगळं एकट्या कविता सिस्टरकडे. शिवाय शेजारच्या लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण सकाळपासून अडलेली. तिचं ओरडणं आम्हाला भिंतीतून ऐकू यायचं. सिस्टर अर्धं वाक्य वॉर्डात बोलायची आणि उरलेलं तिकडे पळताना. टेबलावर तिचा डबा उघडा पडला होता, पोळी एका बाजूने वाळून वर आली होती. मी तेव्हा मनात म्हटलं, काय चपळ पोरगी आहे. मला वाटलं, चपळ आहे म्हणजे सगळं चाललंय नीट.

बाळंतपणानंतर पहिले काही तास बाईच्या पोटावर हात ठेवून बघायचं असतं, गर्भाची पिशवी आवळली आहे की नाही. अंगावरून किती जातंय ते डोळ्यांनी बघायचं असतं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे मला नंतर समजलं. माझी पिशवी आवळलीच नव्हती. ती सैल पडून राहिली होती आणि रक्त जात होतं, गाजावाजा न करता, दुखण्याशिवाय.

ते आई बघत होती. तिला ते जास्त वाटलं नाही. "घान जाती हाय, जाऊ दे. जेवढी जाईल तेवढं अंग मोकळं व्हतं," ती माझ्या कानाशी म्हणाली. आमच्याकडे सगळ्या बाया हेच म्हणतात. बाहेरच्या बाकावर प्रवीण होता, माझे थोरले दीर होते, आणखी माणसं येत-जात होती. खाटांना पडदे नव्हते. मग आईने तिला जे योग्य वाटलं ते केलं. फडकं भिजलं की माझ्या पांघरुणाखाली हात घालून काढायचं, गुंडाळून पदराआड धरायचं, मोरीत नेऊन धुवायचं, मागच्या दोरीवर वाळत टाकायचं आणि नवीन घडी घालायची. चादरीवर डाग नाही, गादीवर डाग नाही. येणाऱ्याला वाटावं, बाळंतीण किती टापटीप.

मला जांभया येत होत्या. तहान लागत होती. मग थंडी वाजायला लागली. आईने दुसरं पांघरूण घातलं, पाय दाबले, गरम शेपेचं पाणी पाजलं. "बाळंतिनीला थंडी वाजतीच," ती म्हणाली. मला ते खरंच वाटलं. कानात कुठेतरी मोटार चालू असल्यासारखं व्हायला लागलं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार, मोटार चालू आहे म्हणून?

०००

प्रवीण जिलेबी घेऊन आत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, बाळाकडे बघून येड्यासारखा हसत होता. आई उठून भिंतीला लागून उभी राहिली, पदर पुढे ओढून.

त्याच वेळी कविता सिस्टर दारात आली. हातात ग्लोव्ह्ज होते. आत पाऊल टाकलं नाही, एक हात चौकटीला लावून तिथूनच विचारलं, "ताई, बरंय ना? मावशी, अंगावरून जास्त जात नाही ना?"

आईने एकदा तिच्याकडे बघितलं. मग प्रवीणच्या बुटांकडे.

"नाय नाय," ती म्हणाली. "बरं हाय."

भिंतीपलीकडून ती पहिलटकरीण किंचाळली. सिस्टर "काही वाटलं तर सांगा हं" म्हणत वळली आणि पळाली. दारात क्षणभर थांबली असेल, तेवढंच.

मी हे कितीदा मनात आणलं आहे त्याला गणती नाही. दारापासून माझी खाट फार लांब नव्हती. ती आत आली असती, पांघरूण उचललं असतं, तर तिला कुणाला विचारायचीच गरज पडली नसती. पण आत यायला वेळ लागतो आणि तिच्याकडे तो नव्हता. ज्याच्याकडे बघायला वेळ नाही तो विचारतो, आणि मिळेल ते उत्तर घेऊन जातो.

०००

पुन्हा ती आली ती माझ्यासाठी नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाळाला इंजेक्शन द्यायला. जाता जाता तिचा हात माझ्या कपाळाला लागला. ती थांबली. "ताई? ओ ताई?" मला तिचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता. तिने एका झटक्यात माझ्यावरची दोन्ही पांघरुणं वर केली. प्रवीण तिथेच होता. आई "अगं बाई, अगं" म्हणत पांघरूण परत खाली ओढायला लागली. सिस्टरने तिचा हात झटकला.

"किती फडकी बदलली? मावशी, किती बदलली?"

आईने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दोरीवर फडकी वाळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वच्छ धुतलेली. सिस्टरने ती बघितली आणि तिच्या तोंडाचा रंग उतरला.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. तिने माझ्या पोटावर मूठ रोवली आणि सगळा भार टाकून दाबत राहिली. प्रवीणला ओरडून मॅडमना फोन लावायला सांगितला. लेबर रूमकडे तोंड करून ओरडली, "मावशी, तिथून हलू नका, डोकं दिसलं तर मला हाक मारा!" तिकडे त्या पहिलटकरणीपाशी तिची आत्या एकटीच होती. हाक आली. सिस्टर गेली नाही. गेली असती तर मी राहिले नसते, एवढं मला त्या अवस्थेतही कळत होतं, आणि मी मनात म्हणत होते, जाऊ नको. दुसऱ्या बाईचं मूल येत होतं आणि मी म्हणत होते, जाऊ नको. ते बाळ आत्यानेच झेललं. ते नीट आहे, असं मागाहून कळलं. त्या बाईचं नाव मला कधी कळलं नाही. कळलं तरी तिच्यापुढे काय तोंड घेऊन जाऊ?

०००

मोठ्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत माझी शुद्ध गेली होती. पिशवी काढावी लागली. रक्त खूप लागलं. कंपनीची बस सुटायच्या वेळेला प्रवीणचा निरोप पोहोचला, आणि त्याच्या लाइनवरची पोरं घरी न जाता कामाच्या कपड्यांवर तशीच रक्त द्यायला आली. त्यातल्या कित्येकांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. आता वाळूजच्या रस्त्यावर एखादी शिफ्टची बस दिसली की मी आत बघते, माझ्या अंगात यातल्या कुणाचं रक्त असेल म्हणून.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती. हात बांधलेले होते. मला वाटलं, मी मेले आणि मेल्यावरही दवाखान्यातच ठेवतात. नळी काढल्यावर पहिला प्रश्न बाळाचा विचारला. दुसरा आईचा. प्रवीण म्हणाला, "बाहेर आहेत." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, म्हणून मी आणखी विचारलं नाही.

पिशवी गेल्याचं एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सांगितलं. स्टूल ओढून बसली आणि सरळ सांगितलं. आता मूल होणार नाही, पाळी येणार नाही, बाकी सगळं होईल. मी "बरं" म्हणाले. ती गेल्यावर मी इतकी रडले, की टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. मला दहा मुलं हवी होती असं नाही. पण मला न विचारता माझं दार कुणीतरी बंद करून टाकलं होतं.

तिथेही गर्दी होती. जमिनीवर गाद्या घातलेल्या होत्या, सिस्टर तिथेही कमीच होत्या. तरी एक सिस्टर, जरा वयस्कर, दर पाळीला येऊन पांघरूण उचलायची, बघायची, पोट चाचपायची, मगच पुढे जायची. कुणी बाहेरचं माणूस असेल तर "चला, बाहेर व्हा" म्हणून हाकलायची. बोलायला खडूस होती. मला ती देवासारखी वाटायची. एकदा तिने माझ्या केसांचा गुंता सोडवून वेणी घातली, तोंडाने कुरकुर करत. त्या वेणीने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कुठल्या औषधाने वाटलं नाही.

०००

घरी आल्यावर आई दुसऱ्या दिवशी गावी निघाली.

हे आमच्याकडे होत नाही. लेकीचं बाळंतपण म्हणजे सव्वा महिना आई हलत नाही. बाळाची अंघोळ, मालीश, धुरी, बाळंतिणीचं खाणंपिणं, सगळं तिचं. शेजारणी विचारायला लागल्या. आई म्हणाली, "कापूस येचायला आलाय." कापसाचा हंगाम केव्हाच उलटून गेला होता. तेवढ्या मुक्कामात तिने बाळाला एकदाही हातात घेतलं नाही. बाळ रडलं तर मला हाक मारायची आणि बाजूला व्हायची. निघताना दारातून मुलीकडे बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे आली आणि मध्येच थांबून कपड्यांची पिशवी उचलली.

कारण मला प्रवीणने मग सांगितलं. मी ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा डॉक्टर मॅडम तिथे आल्या होत्या. घाबरलेल्या होत्या. व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या सिस्टरने विचारलं होतं हो. तुमच्या सासूबाईंनीच बरं आहे सांगितलं." आई तिथेच भिंतीपाशी उभी होती. त्यानंतर ती त्या व्हरांड्यात बसली नाही, जेवली नाही, कुणाशी बोलली नाही.

मी फोन करायचे. ती म्हणायची, "पोरगी बरी हाय ना? मंग ठेव." मला राग यायचा, मग रडू यायचं. पिशवी गेली ती गेली, तिचं काय करणार? पण मला माझी आई परत पाहिजे होती. वरण-भात भरवणारी, चेष्टा केली की पाठीत धपाटा घालणारी. मी अंथरुणात पडल्या पडल्या दुसरा कसलाच विचार करत नव्हते.

०००

घरात वेगळंच पेटलं होतं. थोरले दीर, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तक्रार करायची म्हणून हटून बसले. माणूस मायेचा आहे, पण ओळखीपाळखीवाला आहे आणि तापट आहे. "आमच्या घरची बाई मरायला टाकली त्यांनी. सोडायचं नाही," त्यांचं एकच. मध्येच त्यांच्या तोंडून "एकाच पोरीवर थांबलं सगळं" असंही निघून गेलं. प्रवीण त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्या भावावर ओरडला.

तेवढ्यात कळलं की दवाखान्याने कविता सिस्टरला काढून टाकलं. हलगर्जीपणा म्हणे. दादा खूश झाले. "बघ, म्हणजे चूक कबूलच आहे त्यांना. आता मावशींनी फक्त एवढंच सांगायचं, की सिस्टर फिरकलीच नाही. कुणी विचारलंच नाही. बाकी मी बघतो."

मी तेव्हा उठून बसले. म्हणाले, "दादा, तिने विचारलं होतं. आणि वाचवलंही तिनेच."

"तू गप पड. तुला शुद्ध होती का तेव्हा?"

नीट बघा हं, हा तिढा कसा आहे. आई म्हणाली की कुणी विचारलंच नाही, तर सगळं त्या पोरीच्या माथी. आई म्हणाली की विचारलं होतं आणि मी बरं आहे सांगितलं, तर सगळं आईच्या माथी. दोन्हीकडून दवाखाना मोकळा. त्या दुपारी एकाच बाईला तीन बायांची कामं कुणी लावली, हे या दोन्ही उत्तरांत कुठे येतच नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी म्हणूनच सांगते. नाव नोंदवायला जाल तेव्हा एसी बघू नका. सुट्टीच्या दिवशी दुपारी जाऊन बघा, तिथे कोण असतं. सिस्टरला लेबर रूममधून हाक आली तर वॉर्डात कोण राहतं, ते विचारा. विचारल्यावर त्यांना राग आला तर दुसरीकडे जा. बाळंतपण झाल्यावर पुरुषांना बाहेर बसवा आणि आपलं पांघरूण आपण उचलून दाखवा, लाज वाटली तरी. आणि जे भिजेल ते धुऊ नका. सिस्टरला दाखवल्याशिवाय काही धुऊ नका.

०००

दादांनी डॉक्टरांची वेळ घेतली. आईला फोन केला, ती सकाळच्या एसटीने आली. मी न्यायला गेले तर फलाटावर अशी उभी होती, जणू तिचंच ऑपरेशन झालंय. रिक्षाबरोबर दादा मोटारसायकलवर होते. सिग्नलला रिक्षाला गाडी लावून तिला पढवत होते, "मावशी, लक्षात आहे ना? फिरकलीच नाही." आई मान हलवत होती. बाळ माझ्या मांडीवर होतं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

केबिनमध्ये डॉक्टर मॅडम आणि त्यांचे यजमान, डॉक्टर सर, दोघंही होते. खुर्च्या दिल्या. प्रवीण होता म्हणून आई बसली नाही.

"मावशी, सांगा यांना," दादा म्हणाले. "सिस्टर आली होती का?"

आईने पदराचं टोक मुठीत धरलं. मला वाटलं, ती दादांनी शिकवलेलं सांगेल. खरं सांगते, मला वाटलं सांगावं. आपली आई सुटावी असं कुणाला वाटणार नाही?

"आली व्हती," आई म्हणाली.

"मावशी!"

"आली व्हती. इचारलं तिनं, जास्त जातंय का म्हनून. लई जात व्हतं. म्या नाय म्हनले." मग ती पहिल्यांदा वर बघून बोलली, सरळ प्रवीणकडे. "पाव्हणे उभे व्हते. मला लाज वाटली. त्या पोरीला कशापायी काढलं? खोटं म्या बोलले."

प्रवीणने मान खाली घातली. दादा खुर्चीत मागे रेलले, हवा गेल्यासारखे. डॉक्टर सर हळूच म्हणाले, "बघा. आता त्या स्वतःच सांगतायत." आवाजात दुष्टपणा नव्हता. सुटल्याचा भाव होता फक्त.

मी म्हणाले, "सर, त्या दुपारी सिस्टर किती होत्या?"

"ताई, स्टाफ मिळत नाही हो. शिकवून तयार करतो, मोठ्या हॉस्पिटलवाले घेऊन जातात. एवढ्याशा दवाखान्यात किती ठेवणार?"

"मी एसटीत आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे विनावाहक गाडी असते. तिकिटं स्टँडवरच फाडतात आणि गाडी मध्ये कुठे थांबत नाही. कितीही लोक हात दाखवत उभे असले तरी थांबत नाही, कारण आत वाहक नाही. तुमच्याकडे वाहक नव्हता तर तुम्ही थांबे कशाला घेतले? एकच सिस्टर होती तर दुसरी बाळंतीण घ्यायची नव्हती. तिला घेतलं होतं तर मला घ्यायचं नव्हतं."

मॅडमनी खाली बघितलं. सर म्हणाले, "तुम्ही अजून अशक्त आहात. तब्येत सांभाळा." बैठक संपली. तक्रारही तिथेच संपली. दादा आमच्यासाठी न थांबता गाडीला किक मारून निघून गेले. कविता सिस्टरचा नंबर मी मागितला, तो दिला नाही. ती आता कुठे आहे, मला माहीत नाही.

बाहेर पडताना वॉर्डावरून आलो. नवी सिस्टर होती, कोवळी पोरगी. एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हाताने कानाला फोन. खाटा भरलेल्या होत्या.

०००

परतताना प्रवीण रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मी आणि आई मागे. मग प्रवीण समोर रस्त्याकडे बघतच म्हणाला, "मामी, मी तेव्हा बाहेर जायला पाहिजे होतं. मला कळायला पाहिजे होतं."

लग्नानंतर इतक्या वर्षांत तो तिच्याशी थेट इतकं बोलला नव्हता. आईने सवयीने पदर ओढला. मग सोडून दिला.

"तुमी भाईर गेले असते ना पाव्हणं, तरी म्या तेच सांगितलं असतं," ती म्हणाली. "माझ्या चार बाळंतपनांत मला कुनी इचारलं नाय, जास्त जातंय का म्हनून. त्या पोरीनं इचारलं. पन ती पळत व्हती. पळत्या मानसाला आपलं दुखनं कसं सांगावं? त्याला बरं हाय म्हनायचं, जाऊ द्यायचं. म्या जलमभर तेच केलं."

तिला रडू फुटलं. त्या दिवसानंतर ती रडली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रिक्षा खड्ड्यात आदळली, बाळ जागं झालं आणि तेही रडायला लागलं. आईचे हात आपोआप पुढे आले. मग तिला आठवलं आणि तिने ते मागे घेतले.

मी मुलीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि माझे हात काढून घेतले. आता तिला धरावंच लागलं.